गड्ड्यातला यंत्रमानव

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला, अक्षरही वेडंवाकडं आहे. चौथीनंतर हातात पाटी राहिली नाही. कुणाला दाखवायला लिहीत नाही. राग अजून निवत नाही, म्हणून लिहिते.

आमचे हे मिलमध्ये फिटर. लढाई होऊन गेली होती, पेपरात रणगाड्यांचे फोटो यायचे. ते बघून यांच्या डोक्यात भूत शिरलं: संक्रांतीला आमच्या गावात मोठी जत्रा भरते, गड्डा म्हणतात तिला, तिथे तिकीट लावून यंत्रमानव दाखवायचा. हातातल्या बिनतारी पेटीवरचे खटके लांबून दाबायचे आणि त्याने चालायचं. मैदानातल्या फुफाट्यात चाकं रुततील, म्हणून रणगाड्यासारखे पट्टे हवेत. मिलने टाकून दिलेले कातडी पट्टे आणले आणि भोकं पाडायला मला बसवलं. भोक पाडायचं, आडवी लोखंडी पट्टी ठेवायची, रिबिट ठोकायचं. हात इतके सुजले की भाकरी थापता येईना. माणसापेक्षा उंच पत्र्याचं धड, दोन मोटरी, ट्रकच्या बॅटऱ्या, छातीत जुन्या रेडिओंचे भाग जोडलेली पेटी. अंगणात धुणं वाळत घालायला जागा उरली नाही.

पैसे कुठून आले, ते मला जत्रेच्या तोंडावर कळलं. मी फार बोलत नाही, इकडचं तिकडे करत नाही, म्हणून गल्लीतल्या बायका भिशीचे पैसे माझ्याकडे ठेवायच्या. ज्वारीच्या डब्यात हात घातला तर पुरचुंडी नाही.

"उसने घेतलेत," हे म्हणाले. "गड्ड्यात दुप्पट करून देतो की."

त्या महिन्याची भिशी समोरच्या काकूंची होती. त्यांची लेक बाळंतपणाला आली होती. काकू दारात दिसल्या की मी आत पळायची.

जत्रेत पहिल्याच दिवशी ह्यांनी मिलमधल्यासारखी यंत्राची पूजा मांडली. हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला तो त्या धुडाच्या अंगावरच. छातीचं झाकण उघडं. पाणी थेट रेडिओच्या पेटीत. मग कितीही खटके दाबा, ते धूड हलेना. बाहेर तिकीट काढलेले लोक ओरडायला लागले.

"तू आत बस," हे मला म्हणाले. "बारीक हायस, मावशील. आतनं मोटरीचे खटके दाब."

"मी? एवढ्या लोकांत?"

"लोकांना तू दिसणार हायस व्हय?"

काकूंची लेक डोळ्यापुढे आली आणि मी शिरले. गुडघे हनुवटीला, पाठीला तापलेला पत्रा, नाकात बॅटरीच्या तेजाबाचा वास. पत्र्याच्या भोकातून बघितलं तर हे रुबाबात बंद पडलेली पेटी धरून बोटं नाचवत होते.

तेवढ्यात काकूच आल्या. "काय रं, लई झकास केलंस की! बायको कुटं हाय तुजी?"

"घरी. तिला यातलं काय कळतंय, काकू?"

मी दोन्ही खटके एकदम दाबले आणि ते धूड सरळ ह्यांच्या अंगावर घातलं. हे मागे सरले, आणखी सरले आणि भेळवाल्याच्या चुरमुऱ्यांच्या पोत्यावर बसले.

"धर त्याला! सोडू नगंस!" लोक खदाखदा हसत होते. "आजून एकदा!"

तिकिटांना रांग लागली. मग प्रत्येक खेळात तेच. ह्यांना वाटलं, मी गंमत करते. मला एकदाही हसू आलं नाही. दर वेळी मी ते खरंच अंगावर घालत होते.

जत्रा उठली तसा मी पैशांचा डबा उचलला.

"अगं, थोडे ठेव की. पुढच्या वर्षी याला हात बसवू."

"एक पैसा नाही," मी म्हणाले. चारचौघांत, मोठ्याने.

घरी न जाता काकूंच्या दारात गेले आणि चिल्लर परातीत ओतली.

"अगं बया! देवळाफुडं बसली हुतीस का काय?" काकू म्हणाल्या.

त्यांची लेक नाणी लावत बसली, मी समोर बसून राहिले. शेवटचा आणा परातीतून उचलेपर्यंत उठले नाही. भिशी पुरती फिटली.