बुट्टीतलं ऐनाचं पान

ऐन पंचविशीत मी दोन वर्षं पालापाचोळा तोलत होते. आता सांगताना हसू येतं, तेव्हा कुणी हसलं तर मी फाडून खायची.

भुदरगडच्या डोंगरातल्या एका देवराईत वर्षाकाठी किती पान गळतं, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. आमचे सर बर्फाच्या देशात शिकून आले होते. तिकडे मैलोगणती एकाच जातीचं सूचिपर्णी झाड. खाली टोपल्या मांडायच्या, महिन्यातून एकदा पडलेलं सगळं गोळा करायचं, वाळवायचं, तोलायचं. तीच रीत सरांनी माझ्या गळ्यात मारली. मी बुरुडाकडून पंधरा बुट्ट्या विणून घेतल्या आणि गारगोटीच्या एसटीच्या टपावर चढवल्या. कंडक्टरनं विचारलं, रुखवत चाललंय का? त्याच्याशी मी स्टँडवरच भांडले.

घरी वडील शाळामास्तर. त्यांनी दोन वर्षांची मुदत दिली होती, तीही तोंड वाकडं करून. एकूणएक मैत्रिणींची लग्नं उरकली होती. स्थळवाले विचारायचे, मुलगी काय करते? आई पुटपुटायची, पाला गोळा करते. प्रयोगशाळेत मी एकटी, एसटीत एकटी, राईत तर बोलूच नका. तिथे चपला बाहेर काढाव्या लागत. दिवसभर आपल्याच पायाखाली पान मोडल्याचा आवाज ऐकायचा.

राईला लागून एका मावशींचं शेत होतं. पहिल्या दिवशी त्या बांधावरून ओरडल्या, “कुठलं म्हणायचं पावणं?” मी सांगितलं, कोल्हापूरची. दुसऱ्या खेपेला मी ‘पोरी’ झाले आणि तिसऱ्या खेपेपासून माझ्या नावचं ताक वेगळं निघू लागलं. भाकरी पुढ्यात ठेवून त्या माझी झडती घ्यायच्या. आई एकटीला सोडती कशी, अंगावर मास का न्हाय, लगीन कवा. हेच प्रश्न घरी कुणी विचारले असते तर मी ताटावरून उठले असते. इथे मान खाली घालून जेवायची. आपल्याला कुणीतरी ‘तू’ म्हणून दटावावं याची मला केवढी भूक लागली होती, ते तिथे कळायचं.

देवराईतलं वाळकं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही, हा तिथला नेम. सरांच्या पत्रावर गावानं मला सूट दिली होती, पण मावशींना ती पटली नव्हती. देवाचं पान परगावी नेतीस, बरं न्हवं, असं त्या एकदा म्हणाल्या. मी ते हसण्यावारी नेलं.

वर्ष सरत आलं तेव्हा सर म्हणाले, नुसतं तोलू नकोस, जाती वेगळ्या कर. पोती सोडली आणि बघते तर काय, जांभूळ नि अंजनीची पानं मूठभर आणि ऐनाचा ढीग! एसटी गाठायच्या घाईत मी बुट्ट्या न बघताच पोत्यात रिकाम्या करत आले होते, आणि वाळवून तोललं होतं तेही पोत्यासकट. राईत ऐनाचं एकही झाड नव्हतं. होती ती बांधांवर. मी डोकं लढवलं. वारा! मोकळ्या रानातला वारा देवराईला पाला पुरवतो, असं मी चार पानं भरून झोकात लिहिलं. सर खूश झाले. मी तर हवेतच होते.

पुढच्या महिन्यात मी नेहमीच्या रविवारऐवजी शनिवारीच गेले, कारण रविवारी मला बघायला येणार होते. राईत शिरले तर मावशी माझी बुट्टी देवाच्या दगडापुढे पालथी करत होत्या. मग त्यांनी शेजारच्या आपल्या बुट्टीतून ऐनाचा पाला उचलला, माझ्या बुट्टीत भरला आणि वरून हातानं सारखा केला.

काय करताय, असं मी विचारलं. त्या जराही दचकल्या नाहीत.

“देवाचं देवाला ठेवलं. तुझ्या बुट्टीत आमच्या बांधावरचं घातलं. बिनलगनाची पोर तू, देव कोपला म्हंजे?”

“दर महिन्याला?”

“व्हय की. कुठलं का आसंना, पानच न्हवं?”

माझं वर्ष गेलं होतं, वडिलांनी दिलेल्या दोनांतलं एक. मी जे बोलले ते आठवलं की अजून कान तापतात. त्यांना अडाणी म्हणाले. तुमच्यामुळे माझं वाटोळं झालं म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बुट्टी डोक्यावर घेतली आणि एवढंच म्हणाल्या, “चुकलं.”

सरांना खरं सांगितलं, वाऱ्याची चार पानं फाडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता तोललेला पाला मी पुढच्या खेपेला परत आणून देवापुढे ओतायची. मावशींना दिसावं म्हणून मुद्दाम बांधावरून जायची. त्या लांब कुठेतरी पाठमोऱ्या दिसत. दर वेळी वाटे हाक मारावी, आणि दर वेळी जीभ उचलत नसे. ताठा, दुसरं काय! डबा एकटीच खायची आणि परत यायची. आकडे मात्र चोख येत होते.

शेवटच्या महिन्यात नवव्या बुट्टीत ऐनाचं एक पान मिळालं. एकच. मावशींचा राग गेला, त्यांनी खूण ठेवली, असं मी मनाशी धरून टाकलं. पान घेऊन तशीच अनवाणी त्यांच्या दारात गेले आणि विचारलं, हे तुम्हीच टाकलंत ना?

त्यांनी पान उलटसुलट करून पाहिलं.

“न्हाय बाई. तुमी नगो म्हणालासा, तवापास्नं आमी राईत पाऊल टाकल्यालं न्हाय. वाऱ्यानं आलं आसंल.” मग त्यांनी घोंगडं अंथरलं. “बसा की पावणं. ताक घेतासा?”

मी बसले. माफी मागायची म्हणून वर्षभर जुळवलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. पण ‘पोरी’नं मागावी ती माफी पावण्यानं कशी मागायची? ताक प्याले, पेला विसळून ठेवला आणि निघाले.

सर ते पान बघून हरखले. तुझा वारा खरा निघाला की, म्हणाले. माझ्या प्रबंधात त्याची नोंद आहे: ऐन, पान एक, वाऱ्याने आलेले.