मागून हाक आली नाही

साडूला माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसवायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी मी मॉरिशसला गाडी भाड्यानं घ्यायचं ठरवलं. समुद्र वगैरे नंतर.

त्याला कारण होतं. माझं सासर धावड्याचं. मेव्हण्याच्या लग्नाचं वऱ्हाड वाटूरला निघालं तेव्हा थोरला जावई मी, पण टेम्पो चालवणारा. नवीन जालन्यातून खेडोपाडी बियाण्याची पोती पोचवायचो. धाकटा जावई, म्हणजे माझा साडू, सरकारी इंजिनिअर. सासऱ्यांनी त्याला जीपमध्ये पुढं बसवलं आणि मला म्हणाले, "तुमचा टेम्पो हायेच, आचाऱ्याची भांडी तेवढी घ्या." वाटूरपर्यंत पातेली माझ्या मागं वाजत होती. पुढं मी स्वतःचं बियाण्याचं दुकान टाकलं, मोंढ्याच्या बाजारात नाव कमावलं, पण साडूशी कामापुरतंच बोलायचो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, मी चांगला माल विकला म्हणून एका बियाणे कंपनीनं आम्हा नवरा-बायकोला मॉरिशसची सहल दिली. मेहुणीनं ते ऐकलं आणि ती दोघंही स्वतःच्या खर्चानं आमच्याबरोबर निघाली. मी मनात म्हटलं, बरं झालं. निघण्याआधी आरटीओत खेटे घालून परदेशात गाडी चालवायचा परवाना काढला. साडूलाही काढून घ्या म्हणालो, तर ऑफिसातून सवड नाही म्हणाला. म्हणजे चालवणार मीच.

हॉटेलजवळ गाड्या भाड्यानं देणारा एक मिशीवाला होता. हिंदी चांगलं बोलायचा. बाजारात बैल बघावा तशी मी त्याची गाडी बघितली. बॉनेट उघडलं, टायरला लाथा घातल्या, दारावर एक पोचा सापडला तो सगळ्यांना दाखवला. मग भाव विचारला. त्यानं भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट केलं. मी निम्म्यात मागितली. तो हसला आणि परत बोर्ड दाखवला. अर्धा तास मी बोलत होतो आणि तो बोट दाखवत होता. शेवटी माझं डोकं फिरलं. असला खटारा आमच्याकडे कुणी फुकट नेणार नाही, असं सुनावून मी बाहेर पडलो.

आमच्या मोंढ्यात सौदा अडला की असंच उठायचं असतं. चालू लागायचं आणि मागं बघायचं नाही. तिसऱ्या दुकानापर्यंत हाक येतेच, "ओ शेठ, या, बसा." ज्यानं आधी मागं पाहिलं तो हरला. या एका रिवाजावर मी दुकान उभं केलंय.

तिसरं दुकान गेलं. टोप्यांचं गेलं, नारळवाला गेला, पोस्ट ऑफिसही गेलं. ऊन मी म्हणत होतं आणि मागं तिघं पाय ओढत येत होते.

"अहो, कुठं चाललात?" बायकोनं विचारलं.

"मागं बघू नको. आता बोलावतो तो."

"त्याला काय म्हाईत, तुम्ही रुसलात म्हणून?"

मी एका झाडाखाली थांबलो. साडू घाम पुसत सरळ मनानं म्हणाला, "दादा, मंग बसनंच जाऊ की." बसमध्ये कोण कुणाला मागं बसवणार? इतक्या वर्षांनी संधी आली होती आणि ती मीच पायानं लोटली होती. पण परत जायला नाक आडवं येत होतं.

बायकोनं माझ्याकडे एकदा बघितलं. "हितंच उभे ऱ्हा," म्हणाली आणि एकटीच गेली.

थोड्या वेळानं तीच गाडी आली. मिशीवाला चालवत होता आणि शेजारी ही बसलेली. त्यानं उतरून किल्ली माझ्या हातात दिली. तुम्ही सामान आणायला गेलात असं वाटलं, म्हणून वाट बघत होतो, असं तो हिंदीत म्हणाला. त्याच्या तोंडावर थट्टेचा लवलेश नव्हता.

"केलं त्यानं कमी," बायको हळूच म्हणाली. मी पावती बघितली. भाव बोर्डावरचाच होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं मागच्या दाराकडे नजर टाकली. साडू निमूट आत बसत होता. मी पावती खिशात घातली.

दोन्ही बाजूंनी ऊस, समोर काळे डोंगर. घाट लागला. मी वळणं अशी घेतली की टेम्पोवर घालवलेल्या वर्षांचं सोनं झालं. आरशात साडू दिसत होता, मांडीवर थैली घेऊन, गुडघे आवळून. अर्धा घाट मी मनातल्या मनात नुसता हसत होतो.

"दादा," तो म्हणाला, "मला गाडी येतच न्हाई. परवान्याचं तुम्हाला खोटं सांगितलं. ऑफिसला कायम ड्रायव्हर, कधी शिकलोच न्हाई."

"मंग इतकी वर्षं बोलला का न्हाईत?"

"तुमच्याकडूनच शिकावं म्हणत व्हतो. पण तुम्ही बोलता कुठं?"

मेहुणीनं खिडकीबाहेर तोंड केलं. मला राग आणायचा होता, तो काही केल्या येईना. मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली.

"शिकवीन. पण शिव्या देईन."

"बायकोच्या खातोच की."

मेहुणीनं त्याच्या पाठीत एक ठेवून दिली. मी मागं वळून हसायला लागलो, तशी बायको म्हणाली, "समोर बघा."

मी गाडी कडेला घेतली आणि साडूला पुढं बसायला बोलावलं. गिअर कधी बदलतो ते शेजारून नीट दिसतं.