एकट्याने उघडायचा क्लच

सौदीतल्या हुफूफच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी वाळूवर पळणाऱ्या चारचाकी बाइक दुरुस्त करतो, तिथलं मॅन्युअल बर्फावरच्या स्कूटरचं आहे. क्लच दोन्हींचा सारखाच, म्हणून मालकाने तेच आणून ठेवलं. पानोपानी बर्फ, आणि इथे उन्हात ठेवलेला पाना हातात धरवत नाही.

क्लचच्या झाकणाखाली स्प्रिंग दाबून बसवलेली असते. ते उघडायची आमची पद्धत अशी की एकाने दोन्ही तळहातांनी झाकणावर भार द्यायचा आणि दुसऱ्याने स्क्रू काढायचे. भार द्यायला माझा जोडीदार, पन्नाशीचा सुदानी मेकॅनिक. स्क्रूंना मी. बोलायचो मोडक्या हिंदीत आणि त्याहून मोडक्या अरबीत.

मला येऊन महिनाच झाला होता. शेवटचा स्क्रू राहिला असताना तो ओरडला, "खलास!" त्याचे तेलकट हात घसरत होते, त्याला म्हणायचं होतं, पुरे, थांब. मी पडलो नाशिकचा. माझ्या कानाला खलास म्हणजे संपलं, उरकून टाक. मी स्क्रू काढला आणि झाकण उडून त्याच्या कपाळावर बसलं. डोळ्यावरचं भुवईवर निभावलं, पण टाके पडले. मी हात जोडले तर तो म्हणाला, "माफी मुश्किल, सदीक." माफ करणं अवघड आहे, मित्रा, असं मी समजलो. दोन दिवस अपराध्यासारखा वावरलो, तेव्हा कुणीतरी सांगितलं की त्याचा अर्थ 'काही हरकत नाही' असा होतो.

म्हटलं, आता शब्दांच्या भरवशावर राहायचं नाही. भंगारातली जाड पट्टी घेतली, तिला भोक पाडलं, क्लचमधून आरपार जाणारा लांब बोल्ट त्यात घातला आणि वर नट. नट आवळला की झाकण दाबलेलं राहतं. मग स्क्रू निवांत काढायचे आणि नट हळूहळू सैल करायचा. पहिली पट्टी वाकली. दुसऱ्या खेपेला बोल्ट आखूड पडला, स्प्रिंग पुरती सैल व्हायच्या आतच आटे संपले आणि झाकणाने पुन्हा उसळी मारली. तिसऱ्यांदा जमलं. जोडीदाराने नट दहादा फिरवून पाहिला आणि टाक्यांच्या व्रणावर बोट ठेवून हसला.

मालक, म्हणजे ज्याच्या हमीवर आम्ही दोघं या देशात राहतो तो आमचा कफील, बघायला आला. मला फुशारकी आवरली नाही. जोडीदाराला बाजूला उभं केलं आणि एकट्याने अख्खा क्लच उघडून दाखवला. मालक खूश झाला. त्याने एवढंच विचारलं, "मग दुसरा माणूस कशाला?"

करायला गेलो गणपती, झाला मारुती. इंजिन उचलायला लागतो, चाकं काढायला लागतो, असं मी काहीबाही सांगितलं. मालकाने मान डोलावली, पण जोडीदाराच्या इकाम्याची, इथे राहायच्या परवान्याची, मुदत संपली तेव्हा तो वाढवला नाही.

जायच्या दिवशी त्याने ते अवजार पुसून खिळ्याला अडकवलं. मी पुन्हा हात जोडले.

"माफी मुश्किल, सदीक," तो म्हणाला.

अर्थ मला केव्हाच कळला होता. तरी मी ते पहिल्या वेळेसारखंच ऐकलं.