शेजारचा श्वास

ओल्या चटईचा वास आला की तारनाक्याचा तो योगवर्ग आठवतो. बँकेत नवे कॉम्प्युटर आले होते, माझी मान सतत आखडलेली असायची आणि आई गेल्यापासून झोप उडाली होती. एका सकाळी भुजंगासनाने पाठ जरा सैलावली. मग शवासनात डोळे मिटले, तर डावीकडून संथ, बारीक शिट्टी वाजणारा श्वास ऐकू आला. दमेकरी आईचा श्वास असाच वाजायचा. त्याच लयीत श्वास घेता घेता मला गाढ झोप लागली. डोळे उघडले तेव्हा सगळ्या जणी निघून गेल्या होत्या आणि डावीकडे नुसती भिंत होती. शिकवणाऱ्या बाई दारातून हसून म्हणाल्या, "तुम दोनों इतना आराम से सो रे थे, मैं उठाई नै." माझ्या अंगावर काटा आला, मान मात्र कित्येक महिन्यांनी सहज वळत होती. आता भीती वाटत नाही. शवासन करताना मी डावीकडे थोडी जागा ठेवते.