सोहमच्या पावलाचं माप

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आर्वीच्या बसस्टँडवर सगळं घर मला सोडायला आलं होतं. वहिनीच्या खांद्यावर तीन महिन्यांचा सोहम पालथा झोपला होता. मणक्याशी उघडी फट घेऊन तो जन्मला. डॉक्टर त्याला स्पायना बायफिडा म्हणाले. नागपूरला पाठ शिवली, पण पाय हलले नाहीत. आई बसच्या खिडकीशी आली. "तिकडल्या डॉक्टरले विचारजो रे, याच्या पायाचं."

अमेरिकेत मी विचारलं. गेलेली ताकद परत येत नाही, असं उत्तर मिळालं. फोनवर ते जरा मऊ करून सांगितलं.

चार वर्षांनी माझी बायको मीना गरोदर असताना सोनोग्राफीत आमच्या मुलीच्या मणक्यातही तशीच फट दिसली. पण ती अजून पोटात होती. डॉक्टरांनी गर्भाशय उघडून तिची पाठ शिवली आणि गर्भाशय पुन्हा बंद केलं. मीना पुढचे कित्येक आठवडे अंथरुणावर होती. रेवा दिवस भरण्याआधीच जन्मली, पण पाय हलवत. ऑपरेशनमुळेच ती चालते, असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणत नाहीत, म्हणून मीही म्हणत नाही. ती चालते, एवढं खरं.

रेवाला घेऊन पहिल्यांदा गावी निघालो, तेव्हा दादाने बुटांसाठी मुलांची मापं पाठवली. वर्तमानपत्रावर पाऊल ठेवून भोवती पेन्सिल फिरवलेली. एक थोरल्या पिंकीचं, एक सोहमचं. वहिनीची आशा सुटत नाही, असं मला वाटलं. पिंकीला बूट घेतले, सोहमला रिमोटची गाडी.

अंगणात रेवा पायाला आधाराच्या पट्ट्या बांधून फेंगडी धावायची. मी तिला सारखा आत बोलवत होतो. आई म्हणाली, "पळू दे ना तिले! काऊन अडवून राह्यला?"

सोहमने गाडी फिरवून पाहिली. "मस्त आहे, काका. पण बूट? का अमेरिकेत जाऊन कंजूस झाले तुम्ही?"

सगळे हसले. वहिनी हसली नाही. "भाऊजी, हा चालत नाई म्हणूनच तर बूट लागतात याले." तिने त्याची टाच दाखवली. तापलेल्या फरशीवर सरपटताना भाजली होती. त्याला कळलंही नव्हतं.

ऑपरेशनवरून कोणी मला काही बोललं नाही. आई एवढंच म्हणाली, "तू विचारलं, म्हणून तुह्या पोरीले भेटलं." कौतुकाने म्हणाली होती. विचारायला तिने सोहमसाठी सांगितलं होतं.

आता सोहम मोठा झाला, पाऊल वाढायचं थांबलं. माप मला पाठ आहे. तरी दर वेळी निघण्याआधी मी कागद मागवतो, आणि वहिनी काही न विचारता पाठवते. घर म्हटलं की मला आता तो कागदच दिसतो. पिंकीला गुदगुल्या व्हायच्या, तिच्या मापाची रेघ नेहमी हललेली असायची. सोहमची कधीच हललेली नसते.