पालथा पडलेला जवान

पंधरा ऑगस्टला टीव्हीवर तो जुना लढाईचा सिनेमा लागला आणि नातवानं विचारलं, "आबा, ह्यात तुम्ही कुठं हाय?"

शूटिंग उचगावच्या माळावर झालं होतं. बंदुका, गाड्या सगळं मिलिटरीचं, मरणारे जवान तेवढे आमच्या तालमीतले. अंगातल्या वर्दीला ग्रीसचा वास येत होता. डायरेक्टर म्हणाले, "गोळी लागली की उताणा पड. तोंड दिसेल."

मी म्हणालो, "पैलवानाची पाठ मातीला लागली की तो हरला. मी पालथा पडतो."

"अरे, ही कुस्ती नाही, सिनेमा आहे."

"माती तीच हाय की."

मिलिटरीचे सुभेदार हसले. म्हणाले, "पडू द्या त्याला पालथं." पडलो. तापलेली माती नाकात गेली, वरून बारुदाचा वास.

थेटरात सगळी गल्ली माझं तोंड शोधत बसली. त्या पाठीला रोज तेल चोळणारी आई अंधारात मोठ्यानं म्हणाली, "त्यो बघा आमचा शिवा."

नातवाला मी तीच पाठ दाखवली.

"हे कोणबी असंल की, आबा."

आजही सांगितलं तर मी पालथाच पडीन. पण ती पाठ ओळखणारं आता कोणी राहिलं नाही.