वैदिणीचे वीस पॉइंट

बंगळूरच्या बसवनगुडीतल्या एका चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून वसुमती भिंगं घासते. फ्रेमच्या मापाची काच करायची, कड मऊ करायची, नीट बसवायची. सत्तावीस वर्षं हेच चाललंय. गिऱ्हाइकांना ती दिसत नाही आणि त्यावाचून तिचं काही अडलेलंही नाही. पण 'नीलगड' नावाच्या ऑनलाइन खेळात पुण्या-नागपूरकडची शे-दीडशे माणसं तिला वसूअक्का म्हणून ओळखतात. छप्पन्न वर्षांची बाई राक्षस-जादूगारांच्या खेळात काय करते, असं कुणी विचारलं तर ती म्हणते, "शिकवते." आणि खरोखरच शिकवते.

रोज सकाळी राजाजीनगरच्या घरून निघण्याआधी, चहा निवेपर्यंत, ती खेळाच्या मराठी ग्रुपवर नवख्यांना उत्तरं देते. उत्तरं तिखट असतात. कॅरेक्टरचा चेहरा रंगवण्यात दोन तास घालवणाऱ्याला ती लिहिते, "नाक छान झालंय. आता हा माणूस करणार काय, ते सांग." पॉइंट हातात आले की लगेच उधळू नका, चार दिवस खेळा, आपला हात कशाला वळतो ते बघा, हे तिचं नेहमीचं सांगणं. थोडे तलवारीत, थोडे जादूत, थोडे पळण्यात असे सगळीकडे शिंपडणाऱ्यांवर तर तिचा विशेष राग. आणि एक सल्ला ती कुणी न विचारताही देते. कॅरेक्टर कुठलंही करा, सुरुवातीला मिळणाऱ्या साठातले वीस पॉइंट स्वतःच्या बचावात घाला. त्यावर ती वाद घालू देत नाही.

हा सल्ला तिला फार महागात मिळालेला आहे.

भीमसेन हा तिचा थोरला भाऊ, तिचा अण्णा. निपाणीहून तो आधी आला, एका कारखान्यात लेथवर लागला आणि मग तिला घेऊन आला. दोघांचीही लग्नं राहून गेली, घर मात्र एकच राहिलं. अण्णाच्या किडन्या गेल्या तेव्हा आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. एका वेळी चार तास, डाव्या हातात सुया, उजवा तेवढा मोकळा. वॉर्डातल्या कुणाचं तरी बघून त्याने हा खेळ घेतला आणि एका हाताने जमेल म्हणून ढालकरी झाला. ढालकऱ्याने पुढे उभं राहायचं, ढाल धरायची आणि मार खायचा. वसुमती शेजारच्या स्टुलावर मोबाइल घेऊन बसे. ती झाली वैदीण, आणि तिने साठच्या साठ पॉइंट मलमपट्टीत घातले. बचाव शून्य.

"स्वतःसाठी काय तरी ठेव की गं," अण्णा म्हणाला होता.

"माझ्यापुढं तू हाईस की," ती म्हणाली होती.

पलंगावरच्या भावासाठी तिला काहीच करता येत नव्हतं. पडद्यावरच्या भावाची जखम ती एका बोटाने भरून काढी. त्या चार तासांत ती सुखी असे. हे सांगायची तिला लाज वाटते, पण ते खरं आहे.

खेळातल्या गावाच्या उत्तर वेशीबाहेर, रानापलीकडे एक निळं तळं होतं. गुरुवारी तिकडे जायचं दोघांनी ठरवलं. प्रत्येक वेशीवर अण्णाचं एकच वाक्य असे, "स्वल्प थांब, वसू. मी पुढं होतो, मग ये." बुधवारी तो गेला.

त्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून तिची वैदीण वेशीच्या आतच उभी होती, कारण एकटी बाहेर पडली असती तर पहिल्याच लांडग्याने तिला संपवलं असतं. गावच्या चौकात एक विणकरीण बसते. तिच्याकडे गेलं की घातलेले पॉइंट उसवून पुन्हा वाटून घेता येतात, पण सबंध खेळात एकदाच. वसुमतीने कितीतरी नवख्यांना तिच्याकडे धाडलं, स्वतः मात्र गेली नाही. पुढे कुणीतरी उभं होतं, याची ते शून्य हीच एक खूण उरली होती. तिथे आकडा भरला की अण्णा आता नाही, हे आपल्याच हाताने लिहून दिल्यासारखं होईल असं तिला वाटे.

मागच्या महिन्यात ग्रुपवर सुखदा आली. पुण्याची, इथे बंगळूरला इंदिरानगरच्या एका कंपनीत कामाला, नुकतंच लग्न झालेली. नवरा अद्वैत ढालकरी, ही वैदीण, आणि साठच्या साठ पॉइंट मलमपट्टीत. वसुमतीने तिला वीस पॉइंटांचं सांगितलं.

"अहो अक्का, अद्वैत असतो ना पुढे," सुखदाने लिहिलं. "मग डिफेन्समध्ये पॉइंट्स का वेस्ट करू?"

"आणि तो नसेल तेव्हा?" वसुमतीने लिहून टाकलं.

नव्या नवरीला असं लिहू नये, हे पाठवल्यावर तिच्या लक्षात आलं. दोन दिवस सुखदाचा पत्ता नव्हता. रविवारी दुपारी निरोप आला, "अक्का, मी चिडले होते. मग तुमचं कॅरेक्टर ओपन करून पाहिलं. तुमचा डिफेन्स झीरो आहे. आम्हाला सांगता, मग तुम्ही का नाही केलं?"

वसुमतीने तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही पुसली. चौथं पाठवलं. "माझ्यापुढं अण्णा होता. तीन वर्षांमागं वारला. मला जमलं नाही बघ."

सुखदाने विचारलं, "मी येऊ का वेशीपर्यंत तुमच्यासोबत?"

"नको. आज एकटीच जाते. सरी?" ठीक आहे ना, हे तिने सवयीने कानडीत विचारलं.

ती विणकरणीकडे गेली. नक्की उसवायचं का, असं खेळाने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तिचं बोट बराच वेळ तसंच राहिलं. मग तिने हो म्हटलं. चाळीस मलमपट्टीत, वीस बचावात.

उत्तर वेशीत ती सवयीने थांबली. पुढे कुणी झालं नाही, तेव्हा तिने पाऊल बाहेर टाकलं. शंभर पावलांवर लांडगा आला. तिने काठी चालवली, दोनदा चावा खाल्ला, पण या वेळी ती पडली नाही, लांडगा पडला. अंगातून रक्त मात्र वाहत होतं. तिने मलमाची खूण दाबली. कुणाला लावायचं, असं खेळाने विचारलं आणि दोन नावं पुढे धरली. वर भीमण्णा, अण्णाचं खेळातलं नाव, तीन वर्षं राखाडी पडलेलं. खाली वसू.

इतक्या वर्षांत तिने खालचं नाव कधीच दाबलं नव्हतं. तिने ते दाबलं, जखम भरेपर्यंत थांबली आणि तळ्याच्या वाटेला लागली.